तान्नी जॉर्जीचं पांढरं निशाण

घंटा होते आणि पडदा वर जातो. समोर केपमधल्या क्रेफबायचा अर्धवाटोळा किनारा. मागे डोंगर, एखाद्या हौशी मंडळीने रंगवून टांगल्यासारखा सरळसोट. डाव्या विंगेत रेल्वेचं इवलंसं स्टेशन, उजव्या विंगेत खडक, आणि खडकांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे, काम न मिळालेल्या नटांसारखे. प्रकाशयोजना आग्नेयेच्या वाऱ्याच्या हातात. तो पडला की पाणी काचेसारखं होऊन तळाची वाळू दिसते, तो उठला की सगळा मंच फेसाखाली जातो. पोहणारे आहेत, छत्र्या आहेत, आइस्क्रीमची गाडी आहे. मुख्य नट तेवढा आलेला नाही. मोठे नट उशिराच येतात, आणि ते आले की बाकीच्यांना मंच सोडावा लागतो.

हा मुख्य नट म्हणजे पांढरा शार्क. कोळी मात्र किनाऱ्यावर ते नाव तोंडातून काढत नाहीत. ते त्याला 'जावई' म्हणतात. न बोलावता येतो, ताटातला मधला तुकडा उचलतो, आणि त्याला चार शब्द सुनवायची कोणाची छाती होत नाही. त्याची पाठ करडी आणि पोट पांढरं. "वरून आपल्यातला, खालून साहेबातला," असं जॉर्जिना फोर्टेनचा बाप म्हणायचा, "म्हणून तर त्याला इथे आंघोळीची परवानगी!" त्या काळी या वाळूवर पाटी असायची, की हा किनारा फक्त गोऱ्यांसाठी आहे. शार्कला वाचता येत नव्हतं, पण त्याच्याकडे पाटी दाखवायला कोणी गेलंही नाही.

तर जॉर्जिना फोर्टेन. सगळ्या वस्तीची तान्नी जॉर्जी. 'तान्नी' म्हणजे मावशी, पण ही अशी मावशी की भाचरं तिला बघून रस्ता बदलत. डोंगराच्या कमरेवर एक सपाट दगड आहे. नाटकगृहात सर्वांत स्वस्त तिकीट असतं ना, अगदी छताखालचं, जिथून नटांचे चेहरे दिसत नाहीत पण टकलं दिसतात, तसली ती जागा. तिचा बाप तिथे बसून मासळी बघायचा. पिवळ्या शेपटीच्या माशांचा थवा आत शिरला की पाण्यावर जांभळट डाग दिसतो. तो दिसला की बाप कोट काढून हलवायचा. खालची होडी त्या कोटाकडे बघून वल्ही मारायची. कोट डावीकडे, होडी डावीकडे. कोट उजवीकडे, होडी उजवीकडे. आणि बापाने कोट जमिनीवर आपटला की माल निसटला, सगळं सोडून द्यायचं. दोर, जाळं, आणि तोंडात अर्धी शिवी असली तर तीसुद्धा. कारण विचारायचं नाही. कोटाला कारण विचारणारा माणूस दुसऱ्या दिवशी होडीत नसायचा.

मग सरकारच्या लक्षात आलं, की ही मंडळी चुकीच्या रंगाची असून समुद्राच्या फारच जवळ राहतात. ट्रक आले. माणसं, कोंबड्या आणि खाटा डोंगरापलीकडच्या सपाट माळावर नेऊन टाकल्या आणि त्या वस्तीला नाव दिलं 'समुद्रदर्शन'. तिथून समुद्र दिसत नाही. दुसऱ्या एका डोंगराची पाठ दिसते. सरकारला विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी ती पाटी एकदा येऊन बघावी. जॉर्जी तेव्हा शाळेत होती. पुढे तिने मासळीच्या कारखान्यात डबे भरले, एक नवरा केला, एक नवरा पुरला, चर्चच्या गायकवृंदात वरच्या पट्टीत गायली. आणि केस पांढरे झाल्यावर बापाच्या त्याच दगडावर परत येऊन बसली. या वेळी पगारावर.

कारण आता पाट्या गेल्या होत्या आणि गोऱ्यांबरोबर सगळेच पोहत होते, म्हणून जावयाचा विषय एकदम गंभीर झाला होता. गावच्या किनारा समितीने दगडावर लाकडी टपरी बांधली, प्लास्टिकची खुर्ची ठेवली, दुर्बीण दिली, चार रंगांची निशाणं दिली आणि खाली किनाऱ्यावर कर्णे लावले. त्यांतून तिचा आवाज घुमायचा. हिरवं निशाण म्हणजे पाणी स्वच्छ, चिंता नको. काळं म्हणजे पाणी गढूळ, काही दिसत नाही. लाल म्हणजे नुकताच कोणीतरी येऊन गेला. आणि पांढऱ्यावर काळा शार्क म्हणजे आलाय, निघा! जॉर्जीला पोहता येत नाही. पायाचे घोटेसुद्धा ती बादलीतच भिजवते. "नाटक बघणाऱ्याला अभिनय कशाला यायला हवा?" असं ती म्हणायची.

तिचा एकच मोठा दुर्गुण होता. ती खरं बोलायची. तसं सगळेच थोडंफार बोलतात, पण ती वेळकाळ न बघता बोलायची. ओम पीट, म्हणजे पीटकाका, वारले तेव्हा पाद्रीबाबा शवपेटीपुढे उभे राहून सांगत होते, की हा भला, कुटुंबवत्सल माणूस होता. मागच्या बाकावरून जॉर्जी उठली आणि म्हणाली, "बाबा, तुमची पेटी चुकली वाटतं." नवरीला तिने बोहल्यावर सांगितलं, की झगा सुंदर आहे, फक्त मागून बसत नाही. आणि दगडावर बसल्यापासून तर तिच्या खरेपणाला अधिकृत टोपीच मिळाली. "माझं निशाण खोटं बोलत नाही," हे वाक्य ती बसमध्ये, चर्चमध्ये आणि न्हाव्याच्या दुकानात न विचारता ऐकवायची. असल्या माणसाला देवही जवळ बोलावायला घाबरतो. म्हणूनच अशी माणसं फार जगतात.

आणि मग जावई यायचाच थांबला.

काळे-पांढरे देवमासे कुठून तरी उपसागरात आले आणि शार्क मारून त्यांची फक्त कलेजी खाऊ लागले. बाकीचं सगळं तसंच टाकून द्यायचे, श्रीमंतांच्या लग्नातल्या पाहुण्यांसारखं. हे बघून शार्कांनी गाव सोडलं. ज्याच्या नुसत्या नावाने जग थरथरतं तो रातोरात बिऱ्हाड आवरून गेला. उन्हाळा गेला, दुसरा गेला, पांढरं निशाण घडी मोडल्याशिवाय पडून राहिलं. समितीत कुजबुज सुरू झाली, की चोरच नाही तर राखणदार कशाला?

पण खरी बोंब उठली ती समुद्रदर्शनात. तिची गंमत अशी. पाण्यात पोहणारे असताना जाळं टाकायला मनाई आहे. आणि पिवळ्या शेपटीची मासळी येते नेमकी नाताळाच्या उन्हाळी सुट्टीत, नेमकी भर दुपारी. पूर्वी तिच्या मागोमाग जावई यायचा, पांढरं निशाण चढायचं, भोंगा वाजायचा, गोरी-काळी सगळी मंडळी ओरडत बाहेर, आणि रिकाम्या झालेल्या पाण्यात होडी आत. निशाण एकच, पण पोहणाऱ्याला ते 'जीव वाचवा' म्हणायचं आणि कोळ्याला 'जेवायला या'. आता शार्क नाही, म्हणून निशाण नाही, म्हणून जाळं नाही. मासळीचे थवेच्या थवे लोकांच्या पायांत घोटाळून परत जात होते, आणि जॉर्जीचा धाकटा भाऊ आबी, त्या होडीचा मालक, वाळूवर बसून ते बघत होता.

दोन्ही उन्हाळे त्याने सोसलं. मग डिसेंबरातल्या एका रविवारी, चर्चनंतर, कांदा-टोमॅटोत परतलेला सुका स्नूक मासा ताटात पडल्यावर त्याने विषय काढलाच.

"सूस, एक विचारू?" मोठ्या बहिणीला तो सूस म्हणायचा, आणि ती धाकट्याला बुटी.

"निशाण सोडून काहीही विचार, बुटी."

"मग काहीच नाही विचारायचं."

"मग जेव."

आबीची बायको रोझलिन भात वाढत होती. तिने पळी भांड्यावर जरा जोरातच आपटली. आबीने पुन्हा धीर केला. "फक्त एकदा. अर्धा तास. लोक बाहेर येतील, आइस्क्रीम खातील, पुन्हा आत जातील. कोणाचं काय वाईट होणार आहे?"

"आणि शार्क?"

"शार्क आहे असं समजायचं."

"समजायचंच असतं तर खुर्चीत माझा फोटो ठेवून भागलं असतं."

"सूस, अख्ख्या वस्तीत नाताळाला मासा नाहीये. कोंबडी खातायत लोक. कोळ्यांच्या पोरांनी नाताळाला कोंबडी खायची?"

"कोंबडीने कोणाला अजून गिळलं नाही. माझं निशाण खोटं..."

"...बोलत नाही!" रोझलिनने वाक्य पुरं केलं. "माहितीये! अख्ख्या केपला माहितीये! सूस, तुमचं निशाण खोटं बोलत नाही, पण ते भाताबरोबर खाताही येत नाही." आणि तिने जॉर्जीच्या ताटातला स्नूकचा तुकडा उचलून आबीच्या ताटात ठेवला. आमच्याकडे याच्यापुढे फक्त खून उरतो.

त्या दिवसापासून रोझलिनने बोलणं टाकलं. तिच्या मागोमाग वस्तीनेही टाकलं. चर्चच्या विक्रीत जॉर्जीचे पाकातले पिळे तसेच राहिले, आणि तिचे पिळे खरोखरच चांगले असतात. गर्दीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तिने त्यावर पिशवी ठेवली आणि आरामात बसली. होडीवरचा स्टोफेल, ज्याला वल्ह्यापेक्षा जीभ जास्त चालवता येते, तिला बघून रस्त्यात टोपी काढायचा: "वाट द्या, वाट द्या, सत्य जातंय! पोटं आत घ्या, नाहीतरी रिकामीच आहेत!"

जॉर्जी हसली नाही. घरी जाऊन तिने निशाण धुऊन, इस्त्री करून ठेवलं.

दुसऱ्या बाजूनेही सुटका नव्हती. समितीचे अध्यक्ष मिस्टर प्रिडो, तीन गेस्टहाऊसांचे मालक, वर्षाच्या शेवटी धापा टाकत दगडावर चढून आले. चढताना त्यांचा चेहरा चारही निशाणांच्या रंगांतून गेला.

"जॉर्जिना," ते म्हणाले, "परवा दुसरा नववर्षदिन. किनारा तुडुंब असेल. बाहेरचे पाहुणेही आहेत. मी काही सांगत नाहीये. फक्त इतकंच, की काही दिसलं तर घाई नको. दोनदा बघा. तीनदा बघा."

"हो, मिस्टर प्रिडो. शार्कला पण सांगते, तीनदा येऊन जा म्हणावं."

"तसं नाही..."

"तुम्हाला निशाण नको, माझ्या भावाला निशाण हवं. शार्कला काय हवंय ते कोणी विचारलंच नाही अजून. बसा, पाणी प्या. उतरताना डावीकडून उतरा, उजवीकडे दगड सुटे आहेत. पडलात तर मला खरं सांगावं लागेल, की मीच बघत होते."

दुसरा नववर्षदिन हा आमचा सण. पूर्वी मालकांची नववर्षाची मेजवानी वाढून झाली की दुसऱ्या दिवशी नोकरांना सुट्टी मिळायची, त्या उष्ट्या सुट्टीचा आम्ही सण केला. शहरात सॅटिनचे कोट घालून, तोंडं रंगवून बॅन्जो वाजवत जातात, आणि जे शहरात जात नाहीत ते टबात बटाट्याची कोशिंबीर घेऊन समुद्रावर येतात. त्या दिवशी समुद्रदर्शनातली सगळी वस्ती समुद्राच्या दर्शनाला आली होती. बसमागून बस. तंबू, कलिंगडं, घरी आंबवलेलं आल्याचं सरबत, कोणाची तरी आजी खुर्चीसकट. आग्नेयेचा वारा सकाळीच पडला होता. पाणी असं स्वच्छ की वरून पोहणाऱ्यांच्या सावल्या वाळूवर मोजाव्यात.

दुपारी जांभळा डाग आत शिरला.

जॉर्जीने तो दुर्बिणीशिवाय ओळखला. इतका मोठा थवा बापाच्या काळानंतर तिने बघितला नव्हता. मासळी उथळ पाण्यात, लाटा फुटतात त्याच्या थोडीच पलीकडे, वळवळत होती. खाली आबी उठून उभा राहिला होता. त्यालाही पाण्याची थरथर दिसली होती. त्याने वर दगडाकडे बघितलं आणि टोपी काढून छातीशी धरली, चर्चमध्ये धरतात तशी. एवढ्या लांबूनही तिला ते बघवलं नाही. तिने दुर्बीण फिरवली.

म्हणून तिला ती सावली दिसली.

पडद्यावरच्या शार्कचा पंख पाणी चिरत येतो आणि मागे वाद्यं वाजतात. खरा येतो तो राखेसारख्या करड्या सावलीने. वाळूच्या तळावरून, घाई न करता, भाडं वसुलीला आलेल्या घरमालकासारखा दोन्ही बाजूंना बघत. तो मासळीच्या खोल पाण्याकडच्या बाजूला गेला आणि थवा त्याच्यापासून तसूभर किनाऱ्याकडे सरकला. तो पुन्हा फिरला, थवा आणखी सरकला. एकदाच त्याने थव्यात तोंड घातलं आणि डागाला भोक पडलं. एवढं मोठं अंग, पण धसमुसळेपणा नाही. मेंढपाळ कुत्रा कळप हाकतो तसा तो मासळी माणसांकडे हाकत होता. जॉर्जीने दोनदा बघितलं. मिस्टर प्रिडोंनी सांगितलं म्हणून नव्हे, दोन वर्षांत बघितला नव्हता म्हणून. मग तिने इस्त्रीचं निशाण चढवलं आणि भोंग्याचं बटण दाबलं.

सगळ्यांनी वर बघितलं. आणि मग जे झालं ते फक्त आमच्या लोकांतच होऊ शकतं.

टाळ्या पडल्या.

"हरली!" स्टोफेल होडीतून ओरडला. "म्हातारी हरली रे! देव तान्नी जॉर्जीला शंभर वर्षं देवो! बोला, सत्याचा विजय असो!"

अख्ख्या वस्तीला भांडण ठाऊक होतं. शार्क दोन वर्षांत फिरकला नाही हेही ठाऊक होतं. आणि आज एवढा मोठा थवा, आज वस्तीचा सण, आज भावाने टोपी काढलेली, आणि आजच निशाण? कोणीही हिशेब केला असता. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, म्हातारीला शेवटी माया आली. बाहेरचे पाहुणे आणि गोरी मंडळी भोंगा ऐकून पळत बाहेर आली. आणि आमची मंडळी पळत आत शिरली.

कारण आमच्याकडे रिवाज आहे, की जाळं ओढताना दोराला ज्याचा हात लागला त्याला कालवणापुरती मासळी. परवान्यावर नावं आबीच्या सोळा गड्यांची, पण दोरावर हात सगळ्या वस्तीचे. होडी थव्याला वळसा घालून जाळं सोडत आली. दोराची दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली मात्र, तोच दोनशे माणसं कमरेएवढ्या पाण्यात. बायका झगे खोचून, म्हातारे विजारी वर करून, पिशव्या मानेत अडकवून.

"बाहेर निघा!" कर्ण्यांतून जॉर्जीचा आवाज घुमला. "शार्क आहे! पाण्यात शार्क आहे!"

"आहे, आहे!" खालून कोरस आला. "मोठा आहे का, तान्नी?"

"खरा आहे! देवाशपथ खरा आहे!"

"खरा आहे!" लोक एकमेकांना कोपर मारत हसले. "बघ कशी साहेबाला ऐकू जाईल असं बोलतेय! अजून मोठ्याने, तान्नी!"

"रोझलिन! रोझलिन, बाहेर ये आधी!"

तीन आठवडे न बोललेल्या रोझलिनने दोर एका हातात धरला, दुसरा हात ओठांना लावला आणि दगडाच्या दिशेने चुंबन फेकलं.

आयुष्यभर खरं बोलून लोकांना छळणाऱ्या बाईला देवाने ही शिक्षा दिली. ती घसा फोडून खरं सांगतेय आणि लोकांना ते तिचं सर्वांत सुंदर खोटं वाटतंय. वरून तिला सगळं दिसत होतं. जाळ्याचा फास आवळत होता, मासळी उथळ पाण्यात कोंबली जात होती, आणि सावली जाळ्याच्या बाहेरून, दोराच्या कडेने, हळूहळू त्या चारशे पायांच्या दिशेने येत होती. रोझलिनच्या पिवळ्या झग्यापासून फार लांब नव्हती.

जॉर्जीने डोळे मिटले. मग कर्ण्यांतून तिचा एकदम शांत आवाज आला, बसथांब्यावर बायका बोलतात तसा:

"मासेमारीचा इन्स्पेक्टर आलाय. पांढरी गाडी, स्टेशनाशी. दोन माणसं खाली उतरतायत."

अहाहा! काय ते दृश्य! शार्क आहे म्हटल्यावर ज्यांचा केस हलला नाही ते दोनशे लोक पाण्यातून असे उडाले की मागे लाट राहिली. परवान्यात नाव नसताना दोराला हात लावला तर दंड, आणि मासळीही जप्त. बायका दोर टाकून पळाल्या. एक गृहस्थ पळता पळता वाळूवर पालथा पडला आणि झोपल्याचं सोंग करून घोरू लागला. एक बाई नवरा विसरली, पिशवी विसरली नाही. पाहता पाहता पाणी रिकामं झालं. जावयाला घाबरत नाहीत, पण सरकारी शिक्क्याला घाबरतात. त्यांना दोष कोण देणार? या किनाऱ्यावर शार्कने आजवर किती जणांना उठवलं, आणि शिक्क्याने किती जणांना?

पाणी रिकामं झालं, पण अगदी रिकामं नाही. आबी तिथेच उभा होता.

त्याला भीती कशाची? त्याचं नाव परवान्यावर होतं. बाकीचे गडी दोर धरून कोरड्या वाळूवर होते, पण आबी मालक, जाळ्याच्या तळाचा दोर पायाखाली दाबून ठेवायचं काम त्याचं, म्हणून तो सगळ्यांत पुढे, कमरेच्या वर पाण्यात. परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या गळ्यात लटकत होता. त्याने तो हातात धरला आणि स्टेशनाकडे तोंड करून ताठ उभा राहिला, इन्स्पेक्टरला दाखवायला. आयुष्यात पहिल्यांदा सगळी कागदपत्रं नियमात होती, आणि ती बघायला कोणी येत नव्हतं. येत होता तो त्याच्या पाठीमागून.

"बुटी!" कर्णे किंचाळले. "निघ बाहेर!"

आबीने वर बघून परवाना हलवला. चिंता नको, सूस, सगळं कायदेशीर आहे!

जॉर्जीने बोलणं सोडून दिलं. अंगातलं समितीचं नारिंगी जाकीट तिने ओरबाडून काढलं, डोक्यावर दोन हातांनी उंच धरलं आणि सगळ्या ताकदीने दगडावर आपटलं.

कोट आपटला! माल निसटला, सगळं सोडा!

विचार आबीने नाही केला, त्याच्या पायांनी केला. पाय तळाच्या दोरावरून उठले, दुसऱ्या हातातला दोर सुटला, आणि मागे न बघता तो पाणी तुडवत किनाऱ्याकडे निघाला. वाळूवरच्या गड्यांनीही दोर टाकले. जाळं ढिलं पडलं. आबी गुडघाभर पाण्यात पोचला असेल, तोच तो जिथे उभा होता तिथे पाणी फुगलं, फाटलं, आणि करडी पाठ बाहेर आली. एवढ्या उथळ पाण्यात तिला झाकायला जागाच नव्हती. एका वळशात त्याने ढिल्या जाळ्यात तोंड घातलं, मान दोनदा झटकली, आणि जाळ्याला चर्चच्या दारासारखं भोक पडलं. त्या दारातून आधी तो गेला, मग मासळी गेली. सगळी. वाळूवर हजारो माणसं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. एवढी शांतता भल्या भल्या नटांना मिळत नाही.

वाळूवर झोपलेला गृहस्थ तेवढा अजून घोरत होता.

जॉर्जी खाली उतरून आली तेव्हा आबी ओल्या वाळूवर बसला होता, परवाना मुठीत. त्याने पिशवीवरची वाळू पुसली. मग म्हणाला, "कोट आपटलास. माल जाळ्यातच होता, सूस."

"हो."

"आणि इन्स्पेक्टर?"

"नव्हता."

रोझलिन आली. पिवळा झगा पिळत उभी राहिली. तिने जॉर्जीकडे बघितलं, जाळ्याच्या भोकाकडे बघितलं, नवऱ्याचे दोन्ही पाय बघितले. "नववर्षाला पण कोंबडीच म्हणायची," ती म्हणाली आणि जॉर्जीच्या दंडाला धरून तिला तंबूकडे घेऊन गेली. तिथे तिने तिला कोशिंबीर वाढली, कोंबडीची टांग ठेवली, आणि ती टांग कोणी उचलू नये म्हणून शेजारी बसून राहिली.

कोणीतरी काढलेला शार्कचा फोटो संध्याकाळपर्यंत जगभर गेला. आठवड्यात मिस्टर प्रिडोंची तिन्ही गेस्टहाऊसं भरली. ज्या समितीला राखणदार नको झाला होता तिने टपरीला रंग लावला आणि खुर्चीला उशी दिली. पण अडचण एक होती. सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने समितीच्या कर्ण्यांतून धडधडीत खोटं सांगितलं गेलं होतं आणि वरून तक्रार आली होती. म्हणून जॉर्जीला बोलावणं गेलं. ती चर्चची टोपी घालून आली. आबी दाराशी उभा राहिला.

मिस्टर प्रिडो खूपच प्रेमाने बोलले. "जॉर्जिना, तुमच्यामुळे जीव वाचले, ते आम्ही जाणतो. फक्त इतकंच म्हणा, की स्टेशनाशी एक पांढरी गाडी दिसली आणि तुमची चूक झाली. उन्हात कोणाचीही होते. विषय संपला."

"गाडी नव्हती, मिस्टर प्रिडो. स्टेशनाशी एक कुत्रं होतं."

"मग घाबरून गोंधळलात, असं म्हणू या?"

"घाबरले होते. गोंधळले नव्हते. खोटं बोलले, ते नीट ठरवून बोलले. भावाशीही बोलले, तेही लिहा."

खोलीत चुळबुळ झाली. आबीने जमिनीकडे बघितलं. मिस्टर प्रिडोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण जॉर्जिना, अहो, विचार करा. आता लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा? तुम्ही पुन्हा निशाण लावलंत तर ते बाहेर येतील का?"

जॉर्जीने क्षणभर विचार केला. तिला खरंच उत्तर द्यायचं होतं.

"दोन रविवार येतील, मिस्टर प्रिडो," ती म्हणाली. "तिसऱ्या रविवारचं मात्र मी काही सांगत नाही."